उजव्या बाजूचा मोर

लातूर, ४ मार्च १९७३

व्यंकट,

लिंबाजी काल संध्याकाळी मुखेडहून एस.टी.नं आला आणि दुकानाच्या पायरीवर बसला. पाणी दिलं तर तांब्या हातात धरून तसाच बसून राहिला. मी म्हटलं, अरे ड्रायव्हर एस.टी.नं येतो आणि गाडी येत नाही, झालं तरी काय? तर म्हणाला, "दादा, शेपटी कापली. गॅसनं कापली व्यंकटनं. म्या तिकडं तोंड करून हुबा ऱ्हायलो, मला बघवलं न्हाई."

अख्खा उन्हाळा घातला होता आपण त्या शेपटीत. पत्र्याचं एकेक पीस वाळूच्या पोत्यावर ठेवून लाकडी मोगरीनं ठोकलेलं, प्रत्येक डोळ्यात बल्ब. त्याआधी शिवमूर्तीअप्पांच्या त्या अडतीस सालच्या शेवरलेला कुत्रं विचारत नव्हतं. दालमिलच्या शेडात कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. आपण तिची मोरगाडी केली आणि सिद्धेश्वराच्या जत्रेत तिच्यापुढं तमाशाचा तंबू ओस पडला. उदगीर-निलंग्याहून लोक बैलगाड्या जुंपून बघायला आले. हैदराबादच्या प्रदर्शनात ढाल मिळाली. मोरगाडी कधी मोकळी आहे ते विचारून लोक लग्नाची तिथी धरायचे. ती गाडी तू मुखेडच्या लग्नाला म्हणून नेलीस आणि मागं पाण्याची पिंपं बसत नाहीत म्हणून कापलीस.

दुष्काळ आहे हे मला सांगू नकोस. दुष्काळ इथंही आहे. तुझी भामावहिनी घागर घेऊन कुठं कुठं जाते ते मी बघतो. पाणी बैलगाडीवर आणता येतं. त्यासाठी मोर लागत नाही.

अप्पांना सांगायला गेलो तर ते उलट माझ्यावरच खेकसले, "गाडी माजी हाय, म्या गप हाय, तू कशाला बोंबलून ऱ्हायलास?" गाडी त्यांची असेल. मोर आपला होता, निम्मा माझा. कापताना तुला मला एकदा विचारावंसं वाटलं नाही. तू खुनी आहेस व्यंकट. दुकानात चार माणसांसमोर बोललो, आता लिहूनही देतो.

पत्र पाठवू नकोस. दुकानातले तुझे ब्रश मी बांधून माळ्यावर टाकले आहेत.

ज्ञानोबा पेंटर


लातूर, १९ जून १९८२

प्रिय व्यंकट,

पत्र पाठवू नकोस म्हटलं तर नऊ वर्षं एक ओळ नाही. दुकानात असताना इतका आज्ञाधारक तू कधी नव्हतास.

तुझा पत्ता कसा मिळाला ते आधी सांगतो, नाहीतर भामानं कुठून तरी काढला असं वाटेल तुला. गेल्या आठवड्यात गंजात, अडत बाजारात, नांदेडहून हळदीचा ट्रक आला होता. मी चहाला चाललो होतो. ट्रकच्या उजव्या फळीवर कमळ. माझे पाय थांबले. देठ उजवीकडून डावीकडं एका दमात ओढलेला आणि शेवटी तो तुझा हिसका. असा देठ माझ्यासारख्यानं काढायचा म्हटला तर मनगट उलटं करावं लागतं. ड्रायव्हरला विचारलं, कुणी काढलं? म्हणाला, "वजिराबादेत डावरा पेंटर हाय एक. कमी बोलतो." कमी बोलतो ऐकून शंका आली, पण देठ तुझाच होता.

बातमी अशी की लातूर जिल्हा होतोय. सोळा ऑगस्टला. कोर्टकचेरीसाठी उस्मानाबादच्या खेपा घालून म्हातारे झालेले लोक एकदम ताठ चालायला लागलेत. कोपऱ्यावरचा पानवालासुद्धा जिल्ह्याच्या ठिकाणी बसल्यासारखा बसतो. मला विचारशील तर मला काही वाटत नाही. गुडघे दुखतात, डाव्या डोळ्यापुढं धूर दिसतो, आणि पाट्या आता लोक सोलापूरहून छापून आणतात. जिल्हा झाल्यावर पाट्या वाढतील असं भामा म्हणते. वाढतील, छापलेल्या.

पण त्या दिवशी मिरवणूक निघायची आहे आणि मिरवणुकीत मोरगाडी पाहिजे असं दोघांनी डोक्यात घेतलंय. एक मन्मथप्पा, गोलाईतले सराफ. दुसरे निवृत्ती सर, हायस्कुलातून रिटायर झालेले. शिवमूर्तीअप्पा जाऊन पाच वर्षं झाली, त्यांची मुलं सोलापूरला, त्यांना या गाडीशी घेणं ना देणं. हे दोघं मात्र रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसतात आणि मेलेल्या माणसाच्या आठवणी काढाव्यात तशा त्या गाडीच्या काढतात. निवृत्ती सर तिचा हॉर्न तोंडानं वाजवून दाखवतात, भामा आत तोंडाला पदर लावून हसते. मन्मथप्पांची स्वतःची वरात त्या गाडीतून निघालेली. ते सांगायला लागले की डोळे पुसतात, सोनं तोलणारा माणूस.

त्यांनी एक जुनी अँबॅसॅडर आणून दारात उभी केली आहे. हुबेहूब तशीच करा म्हणतात. शेवरलेचा बांधा कुठं आणि या लठ्ठ बाईचा कुठं. तरी शेपटी चढली की बरी दिसेल. शेपटी मी करतोय. डावी बाजूही करीन. उजवीचं काय, ते तुला माहीत आहे. मोराचं तोंड गाडीच्या तोंडाकडं असतं. तेव्हा डाव्या बाजूला पिसं डावीकडून उजवीकडं ओढायची, ती माझ्या हातानं ओढली जातात. उजव्या बाजूला उलटं. उस्तादांनी आपल्याला त्यासाठीच तर जोडलं होतं, एक उजवा, एक डावरा.

चार दिवसांचं काम आहे. ये.

घरी सुमनला आशीर्वाद.

ज्ञानोबा


लातूर, ४ जुलै १९८२

व्यंकट,

कार्ड मिळालं. नऊ वर्षांनी दोन ओळी. "खुन्याला कुणी मोर काढायला बोलावतं का, दादा? उजव्या मोराचं काय विचारायचं ते मुखेडला आईला विचारा, दार तिच्याकडं आहे."

भामाला वाचून दाखवलं. ती आधी रडली आणि मग माझ्यावरच उलटली, "मंग? म्हनला नव्हता का तुमी?" म्हटलं होतं. शेपटी तोडल्यावर मी काय तुला ओवाळायला यायला हवं होतं? शब्द जड होता, मान्य. पण शब्दानं पत्रा कापला जात नाही.

असो. इथं वेगळंच सुरू झालंय. मी डाव्या बाजूचा कच्चा आराखडा खडूनं काढला, मान ताठ, नजर पुढं. निवृत्ती सर खूश. मन्मथप्पा उठून उभे राहिले. "हे काय? मोर मागं बघायचा. मान वळवून." सर म्हणाले, "तुमची वरात होती, तुम्ही नवरीकडं बघत होता. मोर सरळ होता." झालं. दोन दिवसांत गोलाईच्या अख्ख्या गोल बाजारात दोन तट पडले. गोलाईच्या आतल्या अंगाचे सगळे दुकानदार सांगतात मोर मागं बघायचा. बाहेरच्या अंगाचे सगळे सांगतात पुढं. शपथा घेतात. एकानं तर रक्तदाब वाढवून घेतला.

तुला कारण कळलंच असेल. गाडी गोलाईला वळसा घालायची तो कायम प्रदक्षिणेसारखा, मधल्या देवीला उजव्या हाताला धरून. म्हणजे आतल्यांना उजवी बाजू दिसायची आणि बाहेरच्यांना डावी. मन्मथप्पा आत, सर बाहेर. दोन्ही बाजू पाहिलेले लोकही असतीलच की गावात, पण ते बोलायला गेले तर आतले त्यांना बाहेरच्यांचे समजतात आणि बाहेरचे आतल्यांचे, मग बिचारे घरी जातात. शेवटी लिंबाजीला बोलावलं. इतकी वर्षं गाडी चालवली, तो तरी सांगेल. तो म्हणाला, "म्या आत बसायचो. मला कुठला मोर दिसनार?"

मला हसूही आलं आणि कंटाळाही. तो दिवस आठवला. उस्तादांचा तो नियम, ट्रक असो की टांगा, एक बाजू एकाची, आणि रंग वाळल्याशिवाय दुसऱ्याच्या बाजूला फिरकायचं नाही, नाहीतर हात एकमेकांची नक्कल करतात. गाडी मधे, तू पलीकडं, मी अलीकडं. आपण छपरावरून गप्पा मारायचो. आपण दोघांनी काय काढायचं ते बोलून घेतलं नाही, कारण मोर म्हणजे मोर, त्यात काय बोलायचं? वाळल्यावर मी वळसा घालून आलो तर तुझ्या मोराची मान मागं. मी ओरडलो, हे काय केलंस? तू ब्रश पुसत म्हणालास, "मागची मान्सं येऊन ऱ्हायलीत का बघतोय, दादा." अप्पा पोट धरून हसले आणि राहिलं तसंच. एवढी ढाल मिळवलेली गाडी, पण दोन बाजूंना दोन वेगळे मोर. परीक्षकांच्याही लक्षात आलं नसावं.

मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, मग वळलेला मोर काढणार कोण?

तू ये. तुला खुनी म्हटलं ते मी पुसत नाही, कारण ते म्हटलं ते म्हटलंच. पण तेवढ्यासाठी बाजू सोडू नये.

ज्ञानोबा


मुखेड, एस.टी. स्टँड, ११ जुलै १९८२

व्यंकट,

लातूरची गाडी चुकली. पुढची येईपर्यंत लिहितो. बाकावर बसवत नाही आणि उभंही राहवत नाही.

तुझ्या वाडीला जाऊन आलो. तुझ्या आईनं, कोंडाबाईंनी, मला ओळखलं. नऊ वर्षं पोराशी न बोलणारा माणूस म्हणून दार लावून घेतील असं वाटलं होतं. त्यांनी चहा ठेवला, गूळ जास्त घातला, आणि मग म्हणाल्या, "बग तिकडं." शेळ्यांच्या गोठ्याला शेवरलेचं उजवं दार लावलेलं. बिजागऱ्या तशाच. खाली गंजून चाळणी झाली आहे, पण मान आणि डोळा शाबूत. एवढ्या उन्हात निळा फिका झाला पण उडाला नाही. तू तेव्हा वार्निशचा हात जास्तीचा दिला होतास आणि मी माल वाया घालवतोस म्हणून ओरडलो होतो.

मी म्हटलं, हे दार द्या, लातूरला नेतो, नव्या गाडीला हेच लावू. त्या म्हणाल्या, "न्हाई. ह्ये गेलं तर शेळ्या कशाच्या आड बांधू? आन् द्यायचं आसतं तर व्यंकटलाच न्हाई का दिलं आसतं? त्यो बी मागून गेला."

मग बसल्या आणि सांगत राहिल्या. मी विचारलं नव्हतं. मुखेडचं ते लग्न मोडलं, कारण भात शिजवायला पाणी नव्हतं. बैलगाडीचं मी बोललो तर हसल्या, "बैल कुठलं? बैलं चाऱ्याबगर मेली न्हाईतर इकली." दूरच्या एका विहिरीला झरा होता, तिथून तू पिंपं भरून आणायचास आणि ओळीनं घागरी भरायचास. पिंपं संपली की ओळीच्या शेवटच्या बाया रिकाम्या. त्या रडायच्या, भांडायच्या. तू गाडी वळवून पुन्हा विहिरीकडं जायचास. त्या म्हणाल्या, "जाताना ही बाजू आमच्याकडं आसायची. मोर वळून बगायचा. शेवटची बाई म्हनायची, बगून ऱ्हायलाय, म्हंजी यील परत." आणि तू यायचास. इंजिन बसेपर्यंत आलास, मग गाडी भंगारात गेली आणि हे दार तेवढं उरलं.

मी दाराजवळ जाऊन मोराचा डोळा पुसला. शेळी माझा सदरा चघळत होती, तिला हाकललं नाही.

एक गोष्ट लिहितो. तू मला तेव्हा विचारलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो. स्वतःला ओळखतो मी. म्हणून तू विचारलं नाहीस. कापलेल्या शेपटीचं मला अजूनही वाईट वाटतं आणि मरेपर्यंत वाटेल. पण विचारलं नाहीस हे बरं केलंस.

दारावरून खाका काढून घेतला आहे. मोठा कागद लावला, रेघांवर सुईनं टोचलं. आता त्या भोकांवरून कोळशाची पूड फिरवली की तुझी मान कुठंही उतरेल. कोंडाबाईंनी कागदाची दोन्ही टोकं धरली. त्यांचे हात माझ्यापेक्षा कमी हलतात.

गाडी लागली वाटतं. कंडक्टर ओरडतोय.

ज्ञानोबा


लातूर, ८ ऑगस्ट १९८२

व्यंकट,

मुखेडहून लिहिलेल्या पत्राचं उत्तर नाही. कमी बोलतोस हे खरं निघालं.

शेपटी चढली. डोळ्यांत बल्ब लावले, लिंबाजीनं बॅटरी जोडली आणि सगळे एकदम पेटल्यावर निवृत्ती सर शाळेतल्या पोरासारखे ओरडले. डावी बाजू झाली. नजर धुरकट असल्यामुळं पिसं थोडी जाड आली आहेत, पण लांबून बरी दिसतात, आणि मिरवणूक लांबूनच बघतात.

शेवटी त्या दोघांना बसवून सांगितलं की दोघंही खरं बोलताय. दोन बाजूंना दोन मोर होते. सरांनी चष्मा काढला. मन्मथप्पा म्हणाले, "आसं कुटं आसतंय का पेंटर? एका गाडीला दोन मोर?" मी खाका उलगडून दाखवला. मन्मथप्पांनी त्या टोचलेल्या मानेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्योच. ह्योच माजा मोर." मग सरांकडं बघून, "आन् तुमचा बी खरा म्हना की." दोघं जरा ओशाळले. इतके दिवस भांडले आणि भांडणाचं कारणच उरलं नाही, म्हणून जरा उदासही झाले.

मग जे व्हायचं तेच. "काढा मग." मी उजव्या बाजूच्या खळग्यांत लांबी भरली, घासली, रेड ऑक्साइडचा हात दिला, खाक्यावरून पूड मारली. मान बरोब्बर उतरली. ब्रश घेतला. पहिलं पीस उलटं ओढलं. दुसरं ओढलं. व्यंकट, ते मोराचं पीस नव्हतं. ढकललेलं होतं ते, ओढलेलं नव्हतं. चार पिसं काढली आणि रॉकेलचा बोळा घेऊन पुसून टाकली. मग पुन्हा काढली, पुन्हा पुसली. भामा दारात येऊन म्हणाली, "बस करा आता, रॉकेल संपून ऱ्हायलंय."

मन्मथप्पा म्हणाले, दुसरा पेंटर आणू, औश्याहून एक चांगला येतो. मी खाका गुंडाळून कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. ते चिडले. चिडण्यासारखंच होतं. म्हणाले, "आविष्यभर म्या आतल्या बाजूला बसलो. आता जिल्हा व्हतोय, सगळ्यांचा मोर निघनार आन् माज्याच बाजूला लाल पत्रा?" मला त्यांचं वाईट वाटलं. तरी किल्ली दिली नाही. ती बाजू माझी नाही, मी ती कुणाला द्यायला मालक नाही, असं म्हणालो. मोठं वाक्य झालं, पण तेवढंच सुचलं.

सोळा तारखेला अजून वेळ आहे. नांदेडहून सकाळची गाडी दुपारी इथं येते. ये, बाबा. मी थकलो आहे. आणि मला तुझी आठवण येते, हेही लिहून टाकतो. समोर असतास तर म्हणालो नसतो.

ज्ञानोबा


लातूर, १७ ऑगस्ट १९८२

व्यंकट,

तू आला नाहीस.

काल झाला जिल्हा. मंत्री आले, कमानी लागल्या, लेझीम झाली, भाषणं झाली. भाषणातलं मला फारसं ऐकू आलं नाही, कर्णा माझ्या डोक्यावरच होता. मग मिरवणूक. लिंबाजी नवा फेटा बांधून गाडीत बसला. तीन वेळा विचारलं त्यानं, "व्यंकट न्हाईच आला का?" मी पुढं बॉनेटच्या बाजूनं चालत होतो, गुडघ्याला पट्टी बांधून.

गोलाईत शिरलो. नेहमीसारखाच वळसा, देवी उजव्या हाताला. बाहेरच्या अंगानं जो आवाज उठला तो अजून माझ्या कानात आहे. म्हातारी माणसं पोरांना खांद्यावर घेऊन दाखवत होती, तो बघ मोर, आमच्या लग्नातला. सर हॉर्न वाजल्याबरोबर तोंडानंही वाजवत होते. आणि आतल्या अंगाला सामसूम. सगळे सराफ, भांडीवाले, कापडवाले पायऱ्यांवर उभे आणि समोरून लाल पत्रा चाललाय. वरती शेपटी लखलखतेय आणि खाली काही नाही. एकानं विचारलं, "पेंटर, हिकडचा मोर कुटं गेला?"

मी म्हणालो, "यायचाय."

दुसरं काय सांगणार? पुढच्या पायरीवर पुन्हा तेच विचारलं, पुन्हा तेच सांगितलं. अर्धा वळसा होईपर्यंत मला विचारायची गरज उरली नाही, तेच एकमेकांना सांगत होते, यायचाय, उजवा मोर यायचाय. मन्मथप्पा आपल्या दुकानाच्या पायरीवर उभे होते. मला वाटलं तोंड फिरवतील. ते खाली उतरले, गाडीच्या उजव्या अंगाला हात लावून चालायला लागले, आणि वळसा पुरा होईपर्यंत चालले. हात लाल झाला त्यांचा, रॉकेलनं पुसून पुसून तो ऑक्साइड नीट धरला नव्हता. नव्या धोतराला लागला.

संध्याकाळी दुकानात आले. म्हणाले, "त्याला ल्ह्या पुन्यांदा." मी म्हटलं, आता काय लिहू, मिरवणूक तर झाली. ते म्हणाले, "मिरवनूक झाली. मोर ऱ्हायलाय."

तेव्हा लिहितो. आता कुठलाही दिवस नाही, मुहूर्त नाही, बघायला कुणी येणार नाही. गाडी दुकानामागच्या शेडात उभी आहे. नुसता रेड ऑक्साइड किती दिवस तग धरणार ते तुला सांगायला नको. यंदा हवेत ओल आहे, शेडाचं छप्पर गळतं, आणि सुरुवात कायम दाराच्या खालच्या कडेपासून होते. महिनाभरात तिथं गंजाचे फोड येतील. तुझ्या बाजूला येतील. तू ते येऊ देशील तर दे. मी त्यावर दुसरा हात मारणार नाही आणि कुणाला मारू देणार नाही.

कोंडाबाईंना आज कार्ड टाकलं की मोर राहिला. त्यांनी विचारलं होतं.

माळ्यावरून तुझे ब्रश काढले. खारीच्या केसाचे दोन किड्यांनी खाल्ले, एक चांगला आहे. रॉकेलमध्ये भिजत घातला आहे.

ज्ञानोबा


(चिठ्ठी, गाडीच्या उजव्या आरशाला दोरीनं बांधलेली)

लातूर, ९ सप्टेंबर, सकाळ

व्यंकट,

झोपला होतास म्हणून उठवलं नाही. रात्रीच्या गाडीनं उभ्यानं आलास असं भामा म्हणाली. तू आलास तेव्हा मी पाठ फिरवून अंथरूण घालायला लागलो, ते मनावर घेऊ नकोस. बोलायला गेलो असतो तर धड बोललो नसतो.

मी कोपऱ्यावर चहा सांगायला जातो. येताना मन्मथप्पांना सांगणार आहे की संध्याकाळपर्यंत इकडं यायचं नाही. सरांनाही सांगतो.

खाका कपाटात आहे, किल्ली तुझ्या उशाशी ठेवली आहे. पण तुला तो लागणार नाही असं मला वाटतं. दाराच्या खाली एक फोड आला होता, तो मी घासून ठेवला आहे, तेवढाच हात लावला. निळा तू कालव. मला आता तो रंग नीट दिसत नाही.

मी परत आलो की माझ्या बाजूची जाड पिसं नीट करत बसेन. तुझ्या बाजूला येणार नाही, वाळेपर्यंत बघणारही नाही. काही लागलं तर छपरावरून हाक मार.

ज्ञानोबा